थेंब थांबल्यावर

बाईंकडे राहायला गेले त्या दिवशी खोलीची किल्ली हातात देण्याआधी त्यांनी मला बाथरूम दाखवलं. खोली केवढी, कपाट कुठलं, वायफायचा पासवर्ड काय, हे सगळं नंतर. आधी बाथरूम, आणि बाथरूममध्ये दाराच्या वर भिंतीवर आडवा टांगलेला जुना पांढरा गीझर. त्याच्याकडे बोट करून बाई म्हणाल्या, "या घरात आपण तिघं आहोत. तू, मी आणि हा. तिघांत कमी बोलणारा हा आहे, म्हणून याच्याकडे लक्ष जास्त द्यायचं."

मला वाटलं, विनोद आहे. मी हसले. बाई हसल्या नाहीत.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. यूएईतल्या अल ऐन शहरात एका भारतीय शाळेत प्रायमरीला सायन्स शिकवायची नोकरी लागली होती. पहिलीच नोकरी, पहिलाच परदेश, वर्षभराचं प्रोबेशन. बाई त्याच शाळेत वरच्या वर्गांना फिजिक्स शिकवायच्या. मूळच्या सांगलीकडच्या. मिस्टर जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा टोरांटोत. एका अरबाबच्या, म्हणजे स्थानिक घरमालकाच्या, व्हिलाला लागून असलेल्या दोन खोल्यांच्या बैठ्या घरात त्या एकट्या राहत होत्या. "मराठी बाई आहेत, त्याच शाळेतल्या आहेत," एवढ्यावर नाशिकला आईबाबांचा जीव भांड्यात पडला होता.

गीझरचे नियम बाईंनी मला पहिल्याच दिवशी तोंडपाठ करून घेतले. बटण बाथरूमच्या बाहेर, दाराशेजारी. लावायचं ते पंधरा मिनिटं. बंद करायचं आणि मगच आत जायचं. बटण चालू असताना अंघोळ करायची नाही. घराबाहेर पडताना बटणाकडे बघायचं, आणि नुसतं बघायचं नाही, बोट लावून बघायचं. मी "हो हो, केलं बंद" म्हटलं की त्या विचारायच्या, "खात्री केलीस, की वाटतंय?" हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारायच्या. दहावीच्या मुलांना, शाळेच्या बस ड्रायव्हरला, बँकेतल्या माणसाला. स्टाफरूममध्ये त्यांच्या पाठीमागे त्यांची नक्कल याच वाक्याने सुरू व्हायची.

लग्नाकार्याला गेल्या तर आधी केटररचे सिलिंडर कुठे ठेवलेत ते बघून यायच्या आणि त्यावरून बसायची जागा ठरवायच्या. कुणाच्या फ्लॅटवर हळदीकुंकवाला गेल्या तर वाण घेऊन झाल्यावर हळूच विचारायच्या, "तुमचा हीटर कुठे असतो हो?" एकदा दुबईला, जुमेरा लेक टॉवर्समध्ये एका सहकारी बाईंच्या बहिणीकडे आम्ही जेवायला गेलो होतो. तिसाव्या मजल्यावरचं चकचकीत घर, खाली तळं. सगळे खिडकीशी उभे राहून फोटो काढत होते. बाई बाथरूममध्ये कमोडच्या झाकणावर उभ्या राहून फॉल्स सीलिंगची फळी सरकवायचा प्रयत्न करताना सापडल्या. त्या वेळी त्यांचे गुडघे अजून तेवढं करण्यापुरते शाबूत होते. पुढे तेही गेले.

त्यांच्याकडे एक स्टेथस्कोप होता. दर शनिवारी सकाळी चहा झाला की त्या गीझर लावायच्या, त्यातून खाली येणाऱ्या पाइपवर स्टेथस्कोपची चकती ठेवायच्या आणि डोळे मिटून ऐकत बसायच्या. आत क्षार साचले की पाणी तापताना खडे हलल्यासारखा आवाज येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खरंही होतं, पण गाऊनवर स्टेथस्कोप लावून प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेल्या बाईंना बघून पहिल्यांदा मला इतकं हसू आलं की मी तोंडावर टॉवेल धरून खोलीत पळाले.

उन्हाळ्यात मात्र त्या वेगळ्याच बाई असायच्या. तिथे मे ते सप्टेंबर गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की गार पाण्याच्या नळाला हात लावता येत नाही. तेव्हा सगळे जण गीझर बंद ठेवतात आणि घरातल्या एसीत निवलेलं त्याच्यातलंच पाणी अंघोळीला घेतात. गरमचा नळ गार आणि गारचा गरम. ते पाच महिने बाई मोकळ्या असायच्या. गाणी म्हणायच्या, शिरा करायच्या, मला घेऊन खजुराच्या बागांमधून संध्याकाळी हिंडायच्या. ऑक्टोबर संपत आला की त्यांचं बोलणं कमी होऊ लागायचं. पहाटे हवेत गारवा आला म्हणून सगळं शहर खूश, आणि बाई चाचांना फोन लावत असायच्या.

चाचा दापोलीकडचे. अरबाबच्या तीन घरांचं प्लंबिंग आणि वायरिंग तेच बघायचे. तीस वर्षं त्या देशात काढून त्यांच्या बोलण्यात कोकणी, हिंदी आणि अरबी यांची सरमिसळ झाली होती. बाईंनी त्यांना बोलावलं की ते शिडी लावून वर चढायचे, दोन मिनिटं खुडबुड करायचे आणि म्हणायचे, "मॅडम, काय नाय होणार, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला तर आहेच," बाई म्हणायच्या, "पण वॉशर बदला."

चाचा बदलायचे. बाईंशी वाद घालण्यात अर्थ नाही हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. मला एकदा बाजूला घेऊन त्यांनी विचारलं होतं की मॅडमच्या घरात पूर्वी असं काही झालं होतं का, कुणी भाजलं वगैरे. शाळेतही हीच कुजबुज होती. कुणी सांगे की सांगलीला त्यांच्या शेजारचं मूल गेलं, कुणी म्हणे मिस्टर तसेच गेले. मिस्टर कावीळ होऊन गेले होते. एकदा धीर करून मी बाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "काहीच झालेलं नाही आजवर. म्हणूनच."

मुलाच्या टोरांटोतल्या घराची काळजीही त्या इथूनच वाहायच्या. त्या घरात तळघरात बॉयलर होता, त्यातून गरम पाणी घरभरच्या पाइपांतून फिरून खोल्या ऊबदार व्हायच्या. बाईंनी बर्फ कधी पाहिला नव्हता, पण त्या बॉयलरच्या माहितीपुस्तकाची प्रिंट काढून पिवळ्या पेनाने खुणा केल्या होत्या. दर शनिवारी संध्याकाळी फोन. सर्व्हिसवाला येऊन गेला का? धुराच्या पाइपाच्या तोंडाशी बर्फ साचलेला काढलास का? विषारी वायूचा अलार्म बटण दाबून वाजवून पाहिलास का? पलीकडून मुलगा सगळं इंग्रजीत म्हणायचा, "येस आई. डन, आई." शेवटी प्रेशरच्या काट्याचा फोटो पाठवायचा आणि मग बाई जेवायला बसायच्या.

एका जानेवारीत त्या फोनवर दोन फोटो एकामागून एक बघत बराच वेळ बसल्या होत्या. मग मला हाक मारली. "काटा दोन्हींत अगदी तिथेच आहे. असेल. पण काचेवरचा हा धुळीचा डागपण तोच, आणि हा ट्यूबलाइटचा कवडसापण तोच." त्यांनी मागचे सगळे फोटो काढले. नऊ आठवडे मुलगा एकच फोटो पाठवत होता.

त्या त्याला ओरडल्या नाहीत. पुढचे दोन शनिवार फोन केला नाही, एवढंच. तिसऱ्या शनिवारी त्याचाच फोन आला आणि त्याने व्हिडिओ चालू करून तळघराच्या पायऱ्या उतरत उतरत आईला बॉयलरपर्यंत नेलं. बाई बघत होत्या आणि मध्येच पदराने डोळे पुसत होत्या. मी तेव्हा मनात म्हटलं, काय ही माणसाला छळायची तऱ्हा. बिचारा मुलगा.

आता मी जे केलं ते सांगायला हवं.

गीझर तापतो तेव्हा आतलं पाणी प्रसरण पावतं आणि जास्तीचं पाणी एका छोट्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून बाहेर पडतं. आमच्या गीझरच्या व्हॉल्व्हला एक पारदर्शक नळी लावलेली होती आणि नळी खाली बादलीत सोडलेली होती. व्हॉल्व्ह जुना असल्यामुळे गीझर बंद असतानाही त्यातून थेंब पडत राहायचे. टप्. टप्. बाईंना त्या थेंबांचं कौतुक होतं. शाळेच्या लॅबमधलं मोजपात्र आणून त्या रोज संध्याकाळी बादलीतलं पाणी मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. थेंब पडतोय म्हणजे त्याचा श्वास चालू आहे, असं म्हणायच्या.

बाथरूमची ती भिंत माझ्या उशालगतची. वह्या तपासताना टप्, डोळा लागताना टप्. मी बादलीत फडकं घातलं, तर बाईंनी ते काढलं, कारण मोजमाप चुकत होतं. नवा व्हॉल्व्ह बसवू या म्हटलं, तर म्हणाल्या, हा काम करतोय म्हणून तर थेंब पडतात, काम करणारी वस्तू कशाला काढायची? दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात बाई चार दिवस ट्रेनिंगसाठी अबू धाबीला गेल्या. माझं प्रोबेशन आजारपणाच्या रजेमुळे वाढलं होतं, ते संपायला महिनाभर राहिला होता, पन्नास वह्यांचा गठ्ठा समोर होता, आणि भिंतीपलीकडून टप्, टप् चालूच होतं.

सुपरमार्केटमधून मी लांबी आणली. दोन कांड्या एकत्र मळल्या की दगडासारखी घट्ट होते ती. स्टुलावर चढले, नळी व्हॉल्व्हच्या तोंडापासून उपसली, तोंडात लांबीची गोळी अंगठ्याने दाबून बसवली आणि वरून नळी होती तशी चढवली. खालून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. त्या दुपारी मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा गाढ झोपले.

गुरुवारी संध्याकाळी बाई परत आल्या. हातातली बॅग खाली न ठेवता बाथरूममध्ये गेल्या. बादली कोरडी होती.

"थेंब का पडत नाहीत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही, आपोआप थांबले असतील. थोड्या वेळाने स्वयंपाक करता करता त्यांनी मी गीझरला हात लावला होता का ते विचारलं. मी नाही म्हटलं. जेवताना तिसऱ्यांदा विचारलं. "तू काही केलं नाहीस, याची खात्री आहे?" भाकरीचा तुकडा मोडता मोडता मी म्हटलं, "खात्री आहे, बाई."

का खोटं बोलले याचं उत्तर मी पुढे अनेकदा शोधलं. प्रोबेशनच्या कागदावर ज्या सीनियर शिक्षकांचं मत घेतात त्यांत बाई होत्या, हे एक कारण. पण खरं कारण साधंच होतं. पहिल्यांदा खोटं बोलून झालं होतं.

पुढचे दिवस फार वाईट गेले. बाईंनी चाचांना फोन केला, तर ते सुट्टीवर गावी गेले होते, पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी परतणार होते. बाईंचे गुडघे आता स्टूल चढू देत नव्हते. मला त्यांनी वर बघायला सांगितलं. मी चढून बघितल्यासारखं केलं आणि सगळं ठीक दिसतंय म्हणाले. बाईंनी पंधरा मिनिटांची आठ मिनिटं केली. बटण लावणं, बंद करणं स्वतःच्या हातात घेतलं. रोज पाइपाला स्टेथस्कोप लावून ऐकायला लागल्या. मंगळवारी म्हणाल्या, आवाज बदललाय. त्या ऐकत होत्या तेव्हा मी दारात उभी होते, आणि मलाही, स्टेथस्कोपशिवाय, आत काहीतरी रटरटल्याचा भास झाला.

त्या दुपारी बाई दुकानात गेल्या तेव्हा मी स्क्रूड्रायव्हर घेऊन वर चढले. लांबी दगड झाली होती. मी टोचलं, खरवडलं, बोटाला लागलं, थोडा भुगा निघाला, बाकी गोळी जागची हलेना. फाटक वाजलं. मी नळी परत चढवून खाली उतरले. चार दिवसांवर शनिवार आहे, चाचा येतील, त्यांना आधीच फाटकात गाठून सांगू, ते बाईंना कळू देणार नाहीत, असं मी ठरवलं. दर वेळी गीझर लागला की मी माझ्या खोलीतून पावलांचा अंदाज घेत मिनिटं मोजायची.

बुधवारी पहाटे बाईंना सणकून ताप भरला. मी त्यांना गोळी दिली, गरम पाणी दिलं, त्या ग्लानीत पडून राहिल्या. मी गीझर लावला, अंघोळ केली, डबा भरला, बस आली म्हणून धावले.

तिसऱ्या तासाला चौथीचा वर्ग. पाण्याची वाफ होते तो धडा. मी फळ्यावर कुकर काढला, शिट्टी काढली, शिट्टीतून वाफ कशी बाहेर पडते ते बाणाने दाखवलं. पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला.

"मॅम, व्हॉट इफ द होल इज क्लोज्ड?"

मी सकाळचं आठवू लागले. बटण लावलं, ते आठवत होतं. अंघोळ आठवत होती. डबा, बस, बाईंच्या कपाळावर ठेवलेला हात, सगळं आठवत होतं. बटणावर ठेवलेलं बोट आठवत नव्हतं.

फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. सुपरवायझरला सांगितलं की बाई आजारी आहेत आणि फोन उचलत नाहीत. ते खोटं नव्हतं. टॅक्सीत बसले. ड्रायव्हर पेशावरचा होता, माझ्याकडे एकदा आरशात बघून त्याने काही न विचारता वेग वाढवला. प्रत्येक सिग्नल लाल लागला. मी मनात सारखं म्हणत होते की गीझर तापला की आपोआप बंद होतो, त्यात थर्मोस्टॅट असतो, बटण चालू राहिल्याने काही होत नाही, जगभर लोक दिवसभर चालू ठेवतात. आणि प्रत्येक वाक्यानंतर मला त्या लांबीचा अंगठ्याला लागलेला गारवा आठवत होता.

गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी वळली आणि मला रस्त्यावर माणसं दिसली. टॅक्सी थांबायच्या आत मी दार उघडलं.

पण सगळी माणसं धड होती. रस्त्यापलीकडच्या झाडाखाली अरबाबची ऐंशी वर्षांची आई व्हीलचेअरवर बसली होती. तिच्याजवळ कामवाली बाई, तिच्या कडेवर अरबाबचा नातू. आणि आमच्या फाटकासमोर, अंगावर शाल, पायात मोजे, चपलासुद्धा नाहीत, अशा बाई उभ्या होत्या. चेहरा तापाने लाल झाला होता.

पुढे कळलं ते असं. तोंड धुवायला म्हणून त्या उठल्या होत्या. बाथरूमच्या दाराशी आल्या तर आत खडे भरलेल्या कुकरसारखा आवाज, आणि बटणाचा लाल दिवा चालू. त्यांनी बटण बंद केलं, मेन स्विच पाडला, पण आवाज थांबला नाही. मग फोनसुद्धा न घेता त्या बाहेर पडल्या आणि शेजारी जाऊन सगळ्यांना घराबाहेर काढलं, कारण अरबाबच्या आईचं बाथरूम त्याच भिंतीला लागून होतं. कामवाली घाबरली म्हणून व्हीलचेअर त्यांनी स्वतः ढकलत नेली, त्या गुडघ्यांनी.

मी त्यांच्याजवळ गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर पुन्हा घराकडे वळवली.

तेवढ्यात अरबाब गाडीतून उतरला. म्हातारी आई रस्त्यावर बसलेली बघून तो चिडलाच. आमच्याशी तो हिंदीत बोलायचा. हे काय चाललंय, अम्माचं औषध आत आहे, असं म्हणत तो व्हिलाच्या दाराकडे निघाला. बाई त्याच्या आडव्या गेल्या, दोन्ही हात पसरून. उंचपुरा तो माणूस आणि त्याच्या छातीशी येणाऱ्या बाई.

"एक घंटा," त्या म्हणाल्या. "एक घंटा कोई अंदर नहीं जाएगा."

"खलास, मॅडम," तो म्हणाला. "बिजली बंद है ना? खलास."

तो त्यांना वळसा घालून दोन पावलं पुढे गेला असेल. घरातून दणका ऐकू आला. खूप मोठा नव्हता, भरलेलं कपाट आडवं पडावं तसा. त्यामागोमाग सू आवाज सुरू झाला, तो बराच वेळ चालला, आणि बाथरूमच्या छोट्या खिडकीतून पांढरी वाफ बाहेर आली. अरबाब होता तिथे थांबला. मग मागे वळला आणि आईच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.

गरम पाण्याचा पाइप भिंतीतल्या जोडाशी फुटला होता. दोन्ही बाजूंच्या फरशा निघून पडल्या होत्या, आमच्या बेसिनचे तुकडे झाले होते, आणि अरबाबच्या आईच्या बाथरूममधली तिची बसायची खुर्ची उलटी होऊन तिच्यावर भिंतीचा गिलावा पडला होता.

चाचा ठरल्यापेक्षा आधीच, आदल्या रात्री परतले होते, ते दुपारी आले. सगळं थंड झाल्यावर त्यांनी गीझर उतरवला. थर्मोस्टॅटचे आतले पॉइंट जळून एकमेकांना चिकटले होते, त्यामुळे तो बंद होणं शक्यच नव्हतं. बाईंच्या मोजून लावलेल्या मिनिटांमुळे ते आजवर लपलं होतं. मग त्यांनी व्हॉल्व्हवरची नळी ओढली आणि थांबले. व्हॉल्व्हचं तोंड आम्हा सगळ्यांकडे वळवून त्यांनी हिंदीत विचारलं की हे कुणी बंद केलं.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

"मैंने," बाई म्हणाल्या. "आवाज होता था. नींद नहीं आती थी."

चाचा त्यांच्याकडे बघतच राहिले. दर हिवाळ्यात ज्या बाईने त्यांना वॉशर बदलायला लावले, तिने व्हॉल्व्ह बुजवला? त्यांची नजर माझ्याकडे आली, माझ्या बोटावरच्या चिकटपट्टीवर आली आणि खाली गेली. अरबाब मात्र सुटकेने हसायला लागला. फिजिक्सची टीचर, मॅडम, तुम्ही, असं म्हणत डोक्याला हात लावून हसला. बाई मान खाली घालून उभ्या राहिल्या.

संध्याकाळी त्यांचा ताप उतरला. मी चहा केला. कप त्यांच्यासमोर ठेवला आणि रडत रडत सगळं सांगितलं, त्यांना सगळं माहीत असूनही. त्यांनी मध्ये अडवलं नाही. माझं झाल्यावर म्हणाल्या की तिसऱ्या वेळी तू माझ्याकडे न बघता उत्तर दिलंस तेव्हाच मला कळलं होतं, चाचा येईपर्यंत निभेल असं वाटलं, तिथे माझं चुकलं. खात्री केली नाही, नुसतं वाटलं.

मी विचारलं, मग माझं नाव का नाही सांगितलंत?

"तुझं प्रोबेशन आहे. हे शाळेत गेलं असतं तर तुला परत पाठवलं असतं. एवढ्यासाठी कुणाला परत पाठवू नये." मग चहाचा घोट घेऊन त्या म्हणाल्या, "पण महिनाअखेर दुसरी खोली बघ. मी रागावलेली नाही तुझ्यावर. मला भीती वाटते. तू घरात असलीस तर मी कशावरच विश्वास ठेवू शकणार नाही."

मी महिनाअखेर गेले. शाळेजवळच दोन नर्सेसबरोबर खोली मिळाली. प्रोबेशन संपलं, बाईंनी माझ्याबद्दल चांगलंच लिहिलं होतं. स्टाफरूममध्ये त्या माझ्याशी पूर्वीसारख्या बोलायच्या, डब्यातला शिरा द्यायच्या, वह्या कशा तपासायच्या ते सांगायच्या. घरी मात्र कधी बोलावलं नाही. आणि मीही गेले नाही.

तो किस्सा शाळेत पोचायला आठवडाही लागला नाही. अरबाबचा भाचा आमच्या शाळेच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसमध्ये होता. फिजिक्सच्या मॅडमनी झोपमोड होते म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हच बुजवला, आणि इतरांना मात्र विचारतात, खात्री केलीस की वाटतंय! दोन वर्षं हे चाललं. नवा माणूस आला की त्याला पहिल्या आठवड्यात कुणीतरी हे सांगायचंच. दहावीची मुलं लॅबमध्ये कुजबुजायची. बाई ऐकलं न ऐकल्यासारखं करून पुढचा प्रयोग मांडायच्या. पण आधी त्या काही सांगायला लागल्या की वर्ग गप्प व्हायचा, तसा आता होत नव्हता, हे मी दोन-तीनदा दारातून जाताना पाहिलं. प्रोबेशन संपल्यावर मला कशाचीच भीती नव्हती. तरी मी बोलले नाही. उद्या बोलू, या टर्मनंतर बोलू, असं करत राहिले.

बाई रिटायर झाल्या तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये निरोपसमारंभ झाला. त्या टोरांटोला मुलाकडे जाणार होत्या. शाल, पुष्पगुच्छ, सामोसे, केक. व्हाइस प्रिन्सिपल सरांनी भाषण केलं, बाईंच्या निकालांचं कौतुक केलं, आणि शेवटी म्हणाले की आता मॅडम कॅनडाला निघाल्या आहेत, तिथे घरोघरी बॉयलर असतात, तेव्हा मॅडम, कृपा करून कुठलाही व्हॉल्व्ह बंद करू नका. हॉल हसला. बाईही हसल्या, ओठ मिटून.

पुढचं भाषण माझं होतं. त्यांच्या घरी राहिलेली म्हणून मला बोलायला सांगितलं होतं. दोन पानं इंग्रजीत लिहून आणली होती, तोंडपाठ केली होती. माइकसमोर उभी राहिले आणि पानं उघडलीच नाहीत. मी म्हटलं, तो व्हॉल्व्ह मी बुजवला होता. बाई अबू धाबीला होत्या. त्यांनी मला तीनदा विचारलं आणि तीनदा मी खोटं बोलले. त्या दिवशी तापात त्यांनी तीन माणसं घराबाहेर काढली नसती तर आज मी या शाळेत उभी नसते, आणि ती तीन माणसंही कदाचित जगात नसती. माझी नोकरी राहावी म्हणून त्यांनी माझी चूक स्वतःवर घेतली आणि दोन वर्षं तुम्ही सगळे हसत राहिलात. मीही तुमच्यात बसून ऐकत होते.

माइकवर माझ्याच श्वासाचा आवाज येत होता. मी बाईंकडे बघितलं. मांडीवर शाल आणि पुष्पगुच्छ सांभाळत त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांचे डोळे भरले होते, पण कपाळाला आठी होती, वहीत चुकलेलं गणित दिसल्यावर पडायची तशी.

"थर्मोस्टॅटपण चिकटला होता," त्या मराठीत म्हणाल्या. "सगळा दोष तुझा नव्हता. तेही सांग त्यांना."

मी तेही सांगितलं.